नदी लाजली त्या शनिवारी

बंधाऱ्यावर इतकी गर्दी होती की नाक खाजवायचं तर शेजाऱ्याची परवानगी काढावी लागत होती. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात लोणच्याची रिकामी बरणी. एका टकल्या गृहस्थानं तर पातेलं उलटं डोक्यावर घातलं होतं. रांगेतली जागाही सोडायची नव्हती आणि ऊनही लागत होतं. सगळ्यांचे डोळे एकाच जागी, बंधाऱ्याच्या कडेला, जिथे गावातला नाला धबाधबा नदीत पडतो तिथे.

मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर फेसबाबा बसले होते. पांढरी दाढी, पांढरा झगा, पांढरे कॅनव्हासचे बूट. मांडीवर पितळेची जाडजूड घंटा, तान्ह्या बाळासारखी धरलेली.

"लेकरांनो," बाबा म्हणाले, "आई चिडली की तिच्या तोंडाला फेस येतो. आईला माया दाटून आली तरी फेसच येतो. कुठला फेस कशाचा, हे ओळखायला अधिकार लागतो. तो नदीनं मला दिलाय."

कसा दिला, सहीशिक्का मारून की फोनवरून, हे कुणी विचारलं नाही. मागे उभ्या केकवालीनं मनात विचारलं, दात आवळून.

बाबांनी घंटा हाणली. टण, टण, टण. मग डोळे मिटून नदीशी बोलायला लागले. बोलणं नेहमी तेवढंच लांब चालायचं, आणि संपत आलं की नाल्यातून आधी घळघळ आवाज यायचा, मग पाणी यायचं, आणि बंधाऱ्यावरून खाली आपटलं की पांढराशुभ्र फेस नुसता उसळायचा. ढगासारखा, कमरेएवढा, वर फुलांचा वास.

मग जी धावपळ व्हायची, विचारू नका. गुडघेवाले गुडघ्याला लावायचे, टकले टकलाला. परीक्षेला बसलेली पोरं कपाळाला. एकानं स्कूटरच्या टाकीला चोळला, ॲव्हरेज वाढतं म्हणे. एक नवराबायको रोज भांडायची, त्यांनी बादली भरून एकमेकांवर ओतली आणि तिथल्या तिथे नवं भांडण सुरू केलं.

सगळ्यांच्या पुढे केकवालीच्या सासूबाई. गुडघे दुखतात म्हणून त्या घरातला जिना चढायच्या नाहीत, पण फेस आला की त्याच गुडघ्यांवर अशा पळायच्या की जवान पोरं मागे राहायची. दुधाची किटली गच्च भरून, कोपरानं लोकांना बाजूला सारत त्या परत आल्या आणि सुनेच्या गालाला फेसाचं बोट लावलं.

"लाव गं. रंग उजळतो."

"आई, खाज सुटते त्यानं. तुमच्या हाताला बघा केवढे चट्टे आलेत."

"रोग बाहेर पडतोय. बाबा म्हणाले."

केकवालीनं गाल पुसला. तिचा राग म्हणजे भट्टीसारखा, पेटला की दार बंद ठेवावं लागायचं. पण आज दार बंद ठेवणं अवघड होतं, कारण पलीकडे तिचा वाफा दिसत होता.

वाफा म्हणजे काय ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी ही नदी नदी नव्हतीच, वाहती कचरापेटी होती. केकवालीच्या दुकानाची मागची खिडकी नदीवर उघडायची, म्हणजे उघडली असती, पण वास असा की तिला खिळे ठोकून ठेवले होते. गिऱ्हाईक केकचा वास घ्यायला नाक पुढे करायचं आणि मागे घ्यायचं. शेवटी केकवाली, विज्ञानाचे एक रिटायर्ड सर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतली काही खटपटी माणसं पँट दुमडून नदीत उतरली. लोकांनी त्यांना नाव दिलं चिखल मंडळी. चिखल मंडळींनी नदीतून गाद्या काढल्या, अर्धा सोफा काढला, एक अख्खा फ्रिज काढला, आणि फ्रिजमध्ये एक खेकडा निघाला, तो घर सोडायला तयार नव्हता. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पुन्हा मासे दिसायला लागले. खालच्या अंगाला मात्र काहीच जगेना, कारण तिथे नाला पडायचा.

म्हणून नाल्याच्या तोंडाशी त्यांनी वाफा केला. खाली खडी, वर वाळू, त्यात पाणकणसाची रोपं, एकेक हातानं लावलेली. नाल्याचं पाणी त्यातून हळूहळू झिरपलं की मुळांपाशी राहणारे बारीक जीव घाण खातात आणि पुढे बरं पाणी जातं. आता फक्त एक छोटा बांध फोडून नाला वाफ्यात वळवायचा राहिला होता. नाला सगळ्यांचा, म्हणून रविवारी सगळ्या गल्ल्यांची सभा. हात वर झाले तर बांध फोडायचा. नाही झाले तर वाफा बुजवून तिथे पार्किंग.

आणि नेमके तेव्हाच हे बाबा उगवले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नाला वळवला तर फेस आटेल, फेस आटला तर नदी कोपेल, आणि कोपलेल्या नदीची जबाबदारी बाबा घेणार नाहीत.

सरांनी लोकांना समजवायचा प्रयत्न केला. बंधाऱ्यावर फळा नेला आणि साबण, पाणी आणि पृष्ठताण यावर असं भाषण दिलं की ऐकणारे उभ्या उभ्या झोपले. एकजण झोपेत पाण्यात पडला. त्याला बाहेर काढल्यावर बाबा म्हणाले, नदीनं बोलावून घेतलं त्याला. दुसऱ्या दिवशी तो बाबांचा भक्त.

"सर, तुमचं सगळं खरं आहे हो," केकवाली म्हणाली, "पण तुम्ही बोलायला लागलात की खोटंच बरं वाटतं."

सर बिचारे खट्टू झाले. पण माणूस मोठ्या मनाचा. म्हणाले, मग तुम्ही करून दाखवा, मी फळा उचलतो.

करून दाखवणार काय? दुपारी दुकानात ती एका लग्नाच्या केकवर गुलाब काढत होती आणि धुमसत होती. नवरा भट्टीवर होता. त्यानं हिचा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं भट्टीकडे तोंड वळवलं. गुलाब झाले, तसं तिनं गुलाबी रंगाचं भांडं मोरीत आपटलं आणि नळ सोडला. थोड्या वेळानं मागच्या बाजूनं शेजारच्या पोरांचा हसण्याचा आवाज आला. खिडकीच्या फटीतून बघते तर खाली नदीत तीन बदकं. तिन्ही गुलाबी. मागचं तर एवढं गुलाबी की त्याला स्वतःलाच ते पटलेलं दिसत नव्हतं.

केकवालीला आधी लाज वाटली. दोन वर्षं लोकांच्या गाद्या नदीतून उपसल्या आणि आपलीच मोरी सरळ नदीत. मग लाजेच्या मागून दुसरं काहीतरी आलं. रंग टाकला इथे, निघाला तिथे. म्हणजे पाणी कुठून आलं हे पाण्यालाच सांगता येतं.

तेवढ्यात लॉन्ड्रीवाल्याचा माणूस धुतलेले एप्रन टाकून गेला. तिनं एक उचलला, नेहमीसारखा नाकाला लावला. फुलांचा वास. हाच वास घरात सासूबाईंच्या खोलीला यायचा, किटलीला यायचा, सासूबाईंच्या कोपरांना यायचा.

तिनं खुर्ची ओढली आणि बसून विचार केला. हे ती फार क्वचित करायची. लॉन्ड्री नाल्याच्या वरच्या टोकाला, रस्त्यापलीकडे, घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरावर. नाला वळवायचं ठरलं तर लॉन्ड्रीवाल्याला साबणाचं पाणी निवळायला दारात स्वतःची टाकी बांधावी लागणार, आणि मागच्या सभेत यावर सगळ्यांत जास्त ओरडला होता तो तोच. आणि बाबांनी एका सोमवारी घंटा वाजवली तेव्हा फेसाचा थेंब आला नव्हता. बाबा म्हणाले, सोमवारी नदीचं मौन असतं. लॉन्ड्रीला सुट्टी सोमवारी.

"मौन म्हणे," केकवाली मोठ्यानं म्हणाली. नवऱ्याला वाटलं त्याला उद्देशूनच आहे. तो भट्टीच्या आणखी जवळ सरकला.

आता लॉन्ड्रीवाल्याची एक खोड तिला चांगली माहीत होती. माणूस महा चिक्कू. हॉटेलच्या चादरी, हॉस्पिटलचे पडदे, सगळं धुऊन झालं की तेच पाणी हौदात ठेवायचा आणि त्यात शेवटी बेकरीचे एप्रन बुचकळायचा. पिठाच्या कपड्यांना नवं पाणी कशाला, असं त्याचं तत्त्व. यावरून दोघांची तीनदा भांडणं झाली होती, कारण एकदा एप्रनला हॉस्पिटलचा वास आलेला. म्हणजे जे पाणी घंटेची वाट बघत थांबतं, त्यात शेवटचे कपडे हिचेच.

शुक्रवारी तिनं मळके एप्रन लॉन्ड्रीत पाठवले. प्रत्येकाच्या खिशात केकचा लाल रंग, कागदी पुड्यांत, पुड्या अशा सैल की भिजल्या की उघडतील. खाण्याचाच रंग. बदकांनी चालवून घेतला होता, नदीही घेईल.

मग तिनं सगळ्यांत महत्त्वाचं काम केलं. सासूबाईंना सांगितलं.

"आई, कुणाला बोलू नका हं. उद्या बाबांचा फेस गुलाबी येणार."

सासूबाईंना सांगितलेली गोष्ट म्हणजे चौकात लावलेलं पोस्टर. त्यात "कुणाला बोलू नका" म्हटलं की पोस्टरला दिवे. संध्याकाळपर्यंत दूधवाला, शिंपी, तिन्ही गल्ल्या, सगळ्यांना कळलं की बेकरीच्या सूनबाईंच्या डोक्यावर भट्टीचा परिणाम झालाय. फेस म्हणे गुलाबी येणार. सासूबाई प्रत्येक दारात कपाळावर हात मारून सांगत होत्या, पोरगी कामाची आहे हो, पण हे असं.

शनिवारी बंधारा आणखी फुगला. अर्धे लोक फेसाला आले होते, अर्धे सूनबाईंची फजिती बघायला. बाबांच्याही कानावर गेलं असावं, कारण त्यांनी आज मुद्दाम आवाज चढवला.

"काही लोक नदीची थट्टा करतात. आज नदी त्यांना उत्तर देईल. आजचा फेस दुधाहून पांढरा असेल. कापसाहून पांढरा असेल. माझ्या दाढीहून पांढरा असेल."

टण, टण, टण.

केकवाली टाचा उंचावून नाल्याकडे बघायला लागली. चिक्कूनं नेमकं आजच नवं पाणी घेतलं असलं तर? पुड्या सापडल्या असल्या तर? पलीकडे वाफ्यातली पाणकणसं वाऱ्यावर हलत होती, त्यांना उद्याचं काही माहीत नव्हतं. बाबा नदीशी बोलत होते. बोलणं संपत आलं. नाल्यातून घळघळ आलं.

फेस आला. पांढरा नव्हता, फिक्कट नव्हता, केकवर शोभेल असा गुलाबी होता. एक मोठा गोळा उडाला आणि थेट बाबांच्या दाढीत बसला.

टकल्या गृहस्थाच्या डोक्यावरचं पातेलं खाली पडलं, तेवढाच आवाज.

पण बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी दाढीतला फेस हातात घेतला, बघितला, आणि गालातल्या गालात हसले.

"नदी लाजली," ते म्हणाले. "मीच रात्री तिला म्हणालो होतो, तुला बघायला उद्या फार माणसं येणार आहेत."

आणि झालं. गर्दी वेडी झाली. लाजलेल्या नदीचा फेस पुन्हा कधी मिळणार? बादल्या, बरण्या, पिशव्या. स्कूटरवाल्यानं अख्खी स्कूटर गुलाबी केली. सर दुरून बघत होते, त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे आता संपलं. केकवालीला वाटलं खाली बसावं आणि चिखलातच रडावं. पुरावा समोर उसळत होता आणि लोक तो अंगाला चोळत होते.

सासूबाई मात्र धावल्या नव्हत्या. किटली रिकामीच हातात होती. शिंपी त्यांच्या जवळ आला आणि म्हणाला, "अहो, तुमची सूनबाई म्हणाली ते खरं झालं की."

सासूबाईंच्या आयुष्यात एक गोष्ट त्यांना सहन व्हायची नाही. चारचौघांत आपला शब्द खोटा पडणं. काल तिन्ही गल्ल्यांत त्यांनी सांगितलं होतं की फेस गुलाबी येणं शक्य नाही. त्या तरातरा बाबांच्या खुर्चीसमोर गेल्या.

"बाबा, रात्री तुम्ही नदीला लाजायला सांगितलंत?"

"हो, माई."

"मग आत्ता घटकाभरापूर्वी दाढीहून पांढरा येईल म्हणालात ते कशाला?"

बाबा म्हणाले, नदीचं मन, ऐन वेळी बदललं.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं. आणि माझ्या सुनेला कालच माहीत होतं." सासूबाई वळल्या. आवाज असा की बादल्या जिथल्या तिथे थांबल्या. "तुला कसं गं कळलं?"

"आई, मीच टाकला तो रंग. एप्रनच्या खिशात घालून लॉन्ड्रीत पाठवला."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, स्वतःच्या कोपरावरच्या चट्ट्यांकडे बघितलं. मग वाकून बाबांच्या मांडीवरची घंटा उचलली. बाबा नाही नाही म्हणेपर्यंत त्या रस्त्याला लागल्या होत्या. त्या गुडघ्यांचा वेग सगळ्यांना माहीत होता. गर्दी मागे पळाली.

नाल्यावर ठिकठिकाणी लोखंडी झाकणं होती. लोक एकेक उचलत निघाले. पहिल्याखाली गुलाबी पाणी. दुसऱ्याखाली गुलाबी. रस्त्यापलीकडे गुलाबी. शेवटचं झाकण लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीला चिकटून, तिथे पाणी गुलाबीही होतं आणि फुलांचा वासही होता. भिंतीत उंचावर एक उघडी खिडकी, आतून मशीनची घरघर.

कुणीतरी दार ठोठावायला निघालं. सासूबाईंनी हातानंच थांबवलं. पदर खोचला, घंटा वर केली आणि वाजवली. टण, टण, टण.

आत मशीन थांबलं. पायांचा आवाज आला. मग बूच निघाल्याचा गपकन आवाज, घळघळ घळघळ, आणि सगळ्यांच्या पायाशी नाल्यातून साबणाचं दुसरं पाणी धावत गेलं. आणि खिडकीतून लॉन्ड्रीवाल्याचा वैतागलेला आवाज आला.

"अरे मेहुण्या, आज दोनदा का रे?"

काय हसले लोक. टकले गृहस्थ भिंतीला धरून हसले. सर हसले, त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. दार उघडून लॉन्ड्रीवाला बाहेर आला तो कोपरापर्यंत गुलाबी, बनियन गुलाबी, हातात साखळीला लटकलेलं रबरी बूच. समोर अख्खं गाव आणि घंटा बेकरीवाल्यांच्या म्हातारीच्या हातात. तो बुचाकडे बघत राहिला, जणू बूचच काहीतरी सांगेल.

इतक्यात बंधाऱ्यावरून एक पोरगं ओरडत आलं की पुन्हा फेस आला, पांढरा आला, आणि बाबा तर नुसते बसलेत, त्यांनी काहीच केलं नाही.

सरांना राहवलं नाही. सगळ्यांनी श्वास रोखला, आता पृष्ठताण येणार. पण सर एवढंच म्हणाले, "चमत्कार दिसला की त्यातून बाबा वजा करून बघा. बाकी तेवढीच उरली, तर बाबा शून्य होता."

तेवढं सगळ्यांना समजलं.

परत येऊन बघतात तर बंधाऱ्यावर खुर्ची होती, बाबा नव्हते. कॅनव्हासच्या बुटांचे गुलाबी ठसे बसस्टॉपपर्यंत गेलेले होते.

रविवारी सभा झाली. हात वर करा म्हटल्यावर पहिला हात सासूबाईंचा, चट्ट्यांवर डॉक्टरांचं मलम लावलेला. मग बाकीचे. लॉन्ड्रीवाल्यानंही केला, जरा खाली, पण केला. टाकी बांधायचं कबूल केलं. सभा तशीच उठून बंधाऱ्यावर गेली आणि सगळ्यांनी मिळून बांध फोडला. नाल्याचं काळं पाणी पाणकणसांत शिरलं, थबकलं आणि झिरपायला लागलं. एवढंच. काही उसळलं नाही, वास दरवळला नाही. बघायला आलेली दोन-तीन माणसं कंटाळून घरी गेली.

खरं काम असंच दिसतं, कंटाळवाणं. फेस घंटेच्या तीन टोल्यांत येतो, मासे यायला वेळ लागतो. म्हणून कुणी घंटा वाजवून नदी बरी करतो म्हणाला, आजार बरा करतो म्हणाला, की त्याच्या दाढीकडे बघू नका. पाणी कुठून येतंय ते बघा, आणि झाकणं उचला.

घंटा आता वाफ्याजवळ खांबाला टांगलीय. नियम उलटा केलाय. आधी घंटा वाजली की फेस यायचा, आता फेस दिसला की घंटा वाजवायची, आणि सगळ्यांनी मिळून बूच कुणाचं ते शोधायचं.

पहिल्यांदा वाजली ती एका मंगळवारी, दुपारी. केकवाली दुकानात मागची खिडकी उघडायचा प्रयत्न करत होती. तीन खिळे निघाले होते, चौथा राहिला होता. मागे मोरीत साबणातल्या भांड्यांवर नळ सोडलेला होता. तिनं घंटा ऐकली आणि हातोडी टाकून पळणार, तोच दारात सासूबाई. मागे शिंपी, दूधवाला, सर, लॉन्ड्रीवाला, तो तर सगळ्यांत खूश. आणि त्यांच्या मागे तुरुतुरु चालत तीन बदकं, अजून थोडी गुलाबीच.

सासूबाईंनी हात पुढे केला.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तुझं बूच दाखव."